दोन टायरं आणि करडईचं तेल

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी आई म्हणायची, हिच्या पायांना भिंगरी बांधलीय. आता गुडघे कुरकुरतात, तरी तव्यावर भाकरी टाकून मी तीनदा दारापर्यंत जाऊन येते. पण ज्या उन्हाळ्यात मला खरोखर कुठेतरी जायचं होतं, त्या उन्हाळ्यात मी नंदुरबारच्या सासरच्या घरातून हलू शकले नाही, आणि त्याला दुसरं कुणी नाही, मीच कारण होते. घरात हे सगळ्यांना माहीत आहे. पाहुण्यांना मात्र अजून असंच सांगितलं जातं की लढाई चालू होती म्हणून टायरं मिळाली नाहीत.

लढाई चालू होती हे खरं. रॉकेल, साखर, कापड, सगळ्याला रांग होती आणि रबर तर दिसेनासंच झालं होतं. नवं टायर हवं तर परवाना लागायचा, आणि परवाना मिळायचा डॉक्टरला, साहेबाला किंवा मालाच्या लॉरीला. सून माहेरी पोचवायची आहे असं अर्जात लिहिलं असतं तर कचेरीतल्या लोकांची चार दिवस करमणूक झाली असती.

सून म्हणजे मी. पहिलटकरीण. माझं माहेर तापीच्या पलीकडे, प्रकाशाला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे आमच्याकडे कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. सातव्यात ओटी भरायची आणि आठवा लागायच्या आत लेकीला घेऊन जायचं. आठव्यात प्रवास नाही, नवव्यात तर कुणी उंबरा ओलांडू देत नाही. म्हणजे सातव्यात निघाले तर निघाले. मी बोटांवर दिवस मोजत होते आणि बोटं संपली की पुन्हा पहिल्यापासून मोजत होते. आईशिवाय मला ते दुखणं सोसायचं नव्हतं. मला भीती वाटत होती, आणि ती सांगायला त्या घरात मला कुणी नव्हतं.

तुम्ही म्हणाल, सात-आठ कोसांचं अंतर, बैलगाडीनं का नाही गेलात? सासूबाईंचं पहिलं मूल बैलगाडीच्या हिसक्यांत गेलं होतं. त्या हे कधी बोलल्या नाहीत, पण गाडीचा विषय निघाला की उठून आत जायच्या, आणि मग तो विषय तिथेच संपायचा. आगगाडी होती, पण ती सुरतेला जायची नाहीतर भुसावळला. प्रकाशाला जायची तिला काही गरज नव्हती. राहिली सर्व्हिस मोटार. ती तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालायची, मागे भट्टी लावलेली, आणि चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची. सासरे म्हणाले, "मन्ही सून कोळसानी मोटारमा बठाव नही." त्यांचं बोलणं असंच, एकदा सांगितलं की सांगितलं.

कारण घरची मोटार होती ना! सासऱ्यांचा मिरचीचा व्यापार. बरे दिवस होते तेव्हा त्यांनी सुरतेहून ही मोटार आणली होती, तीही कुणाची तरी वापरलेली. कापडी टप, पुढे हँडल मारून चालू करायची. मी लग्न होऊन आले तेव्हाच ती म्हातारी झाली होती. चालू झाली की सगळ्या गल्लीला कळायचं. पेट्रोलची कुपनं सासऱ्यांनी माझ्यासाठी जपून ठेवली होती. नदीपर्यंत मोटार, पुढे नाव, पलीकडच्या काठावर माझा भाऊ, असं सगळं ठरलं होतं. फक्त मागची दोन्ही टायरं इतकी झिजली होती की आतले दोरे दिसत होते. आमचे हे मोटार चालवायचे. त्यांनी त्या दोऱ्यांवर बोट फिरवून दाखवलं आणि म्हणाले, यावर गल्लीच्या टोकापर्यंत जाता येईल, पुढचं सांगता येत नाही.

बाजारपेठेजवळ एक मिस्त्री होते. सायकली, मोटारी, पंपाची इंजिनं, जे बिघडेल ते दुरुस्त करायचे. त्यांच्या वडिलांचंही दुकान तिथेच होतं. सासऱ्यांना गाव आप्पा म्हणायचं, तेही म्हणायचे. मोटार बघून ते म्हणाले, "आप्पा, नवानं नाव सोडी द्या. जुनं, पन चांगलं, तुमले परवडी असं, मी दखसू."

मग वाट बघणं सुरू झालं. मिस्त्री आज शहाद्याला माणूस पाठवायचे, उद्या धुळ्याला निरोप. एकदा टायर मिळालं ते मापात लहान निघालं. एकदा माप बरोबर होतं, पण बाजूला हात जाईल एवढी चीर. एकानं चोरून नवं देतो म्हणून सांगितलं आणि अशी किंमत बोलला की सासरे दोन दिवस आपल्याशीच पुटपुटत होते. मी दर सकाळी ओट्यावर जाऊन रस्त्याकडे बघायची. सासूबाई म्हणायच्या, अगं बस, पोट घेऊन किती फिरशील. बसले की पाय हलायचे. पाय दाबून धरले की मन पळायचं. माझा स्वभाव तापट, त्यात उन्हाळा. एका दुपारी मी मोटारीच्या चाकाला चक्क लाथ मारली आणि मग अंगठा धरून बसले.

शेवटी खांडबाऱ्याला टायरं सापडली. तिथल्या एका लाकडाच्या ठेकेदाराची मोटार इंजिन बिघडून वर्षभर उभी होती. तिची दोन टायरं, ट्यूबसकट, आमच्याच मापाची. मिस्त्री स्वतः आगगाडीनं गेले आणि दोन्ही टायरं डब्यात घालून घेऊन आले. स्टेशनपासून घरापर्यंत ती त्यांनी गडगडवत आणली, एका हाताला एक. त्यांच्या मागे निम्मी गल्ली. किंमतही अशी की सासऱ्यांनी घासाघीस केली ती केवळ सवयीनं.

टायरं बरी होती. नक्षी शिल्लक होती. फक्त उभी राहून राहून बाजूंना बारीक भेगा पडल्या होत्या आणि ट्यूबना चार ठिगळं होती. मिस्त्री म्हणाले, चालतील, उन्हात ठेवू नका. निघायचा दिवस अजून तीन आठवड्यांवर होता. तोवर सासऱ्यांनी टायरं माजघराच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत ठेवली आणि घरात सगळ्यांना बजावलं की उन्हानं रबर तडकतं, कुणी बाहेर काढायची नाहीत.

रबर तडकतं. हे शब्द माझ्या डोक्यात बसले.

माझ्या वडिलांच्या मळ्यात विहिरीवर चामड्याची मोट होती. उन्हाळा लागला की मोटेचं चामडं कोरडं पडतं, तडकतं आणि मग पाणी वर येईतो निम्मं गळतं. त्यावर एकच उपाय, करडईचं तेल. वडील दर आठ दिवसांनी मोट सावलीत पसरायचे आणि आम्ही भावंडं तिला तेल चोळायचो, आतून, बाहेरून, टाक्यांच्या ओळीतून. दोराला, नाड्यालाही तेच तेल. तेल प्यायलेली मोट वर्षानुवर्षं चालायची. मी वाढले ती हे बघत. टायर काय, मोट काय, दोन्ही काळी, दोन्ही जाड, दोन्ही उन्हात तडकणारी. मला दुसरा विचार शिवलाही नाही.

आणि तेल घरातच होतं, तेही माझ्या माहेरचं. संक्रांतीनंतर आईनं डबाभर पाठवलं होतं. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की मी वाटीत तेल घेऊन मागच्या खोलीत जायची आणि जमिनीवर बसून टायरं चोळायची. बाजूच्या भेगांत बोटानं तेल भरायची. ट्यूब तर जास्तच पातळ, म्हणून तिला जास्त. ठिगळांच्या कडांना तर खास निगुतीनं. खरं सांगते, दिवसातला तेवढाच वेळ मी एका जागी बसत होते. त्या वासानं मला मळा दिसायचा, आई दिसायची. मी त्या टायरांशी बोलतही होते. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर बसू दिलं नसतं. सासूबाईंना डबा उतरलेला दिसला, तेव्हा त्यांना वाटलं मला तेलचटणी खायचे डोहाळे लागलेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या पानात ढीगभर चटणी वाढली. मीही गुपचूप खाल्ली.

पंधरा दिवसांनी सासऱ्यांनी टायरं बघितली. काळीभोर, तुकतुकीत, एक भेग दिसत नव्हती. त्यांनी यांना हाक मारून दाखवलं, "दख, सावलीमा ठेवं म्हणीसन कसं कायंभोर व्हई गयं!" मी दाराआड उभी होते आणि मला इतका आनंद झाला की पदर तोंडात धरावा लागला.

ओटी भरली. हिरवी चोळी, हिरवा चुडा. आठवा लागायला पाच दिवस होते. सकाळी मिस्त्री टायरं चढवायला आले. चढवता चढवता थांबले, अंगठ्यानं दाबून बघितलं आणि म्हणाले, "आप्पा, रबर जरा नरम लागी ऱ्हायनं." सासरे म्हणाले, "उन्हाया शे. नरम लागावच." मिस्त्रींनी आणखी एकदा दाबलं, काही बोलणार होते, पण माझी ट्रंक मोटारीत ठेवलेली होती, सासूबाई दहीभात घेऊन उभ्या होत्या, सगळी गल्ली जमली होती. त्यांनी हवा भरली.

आम्ही निघालो. हे चालवत होते, सासरे पुढे, मी मागे एकटी. गाव संपलं आणि वारा लागला तेव्हा मला रडू आलं, सुखानं. कोसभर गेलो असू. मागचं डावं चाक धपधप करू लागलं. यांनी थांबवून बघितलं तर टायरच्या कुशीला नारळाएवढा फुगा आला होता. बघता बघता तो फुटला. उजवं टायर फुटलंसुद्धा नाही. त्याच्या ट्यूबची ठिगळं सुटली आणि ते आपलं मुकाट्यानं खाली बसलं. हे टायर काढायला गेले तर रबर त्यांच्या हाताला चिकटलं.

मी ते बघितलं आणि मला सगळं कळलं. त्यांच्या हातांना जो वास येत होता तो त्यांना ओळखीचा नव्हता. मला होता.

वाटेनं जाणाऱ्या एका शेतकऱ्यानं आपले बैल मोटारीला जुंपून दिले. मी हट्टानं खाली उतरले आणि मागून चालत आले. डोक्यावर ऊन, पुढे बैल, बैलांमागे मोटार, मोटारीत माझी ट्रंक. सकाळी निरोप द्यायला आलेली गल्ली दुपारी आमचं स्वागत करायला तशीच उभी होती.

सासरे पेटले होते. त्यांनी त्या रात्री जेवण केलं नाही आणि सकाळी मिस्त्रींना बोलावणं पाठवलं. अंगणात दोन्ही टायरं टाकली होती. चार लोकांसमोर सासऱ्यांनी तोंड सोडलं. सडका माल गळ्यात मारला, गरोदर सुनेच्या जिवाशी खेळ केला, वडिलांच्या दुकानाला बट्टा लावला, काय काय बोलले. मिस्त्री खाली बसले. त्यांनी टायरमध्ये बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"आप्पा, हाऊ तेलना वास शे. टायरले कोनी तेल लायं का?"

"मन्हा घरमा माणसं टायरले तेल लावतस का?" सासरे ओरडले. "चोरना उलटा बोंबा!"

मी दाराआड उभी होते. माझ्या मनात काय काय येत होतं तेही सांगते, लपवण्यात अर्थ नाही. मला वाटत होतं, गप्प राहावं. बोलले तर माहेरच्या अडाणीपणाचा उद्धार होईल. आणि हे सगळं जर मिस्त्रींच्या अंगावर गेलं तर कदाचित तेच धावाधाव करून चार दिवसांत दुसरी टायरं आणतील आणि मी अजूनही जाईन. इतकी मी स्वार्थी झाले होते. बाहेर मिस्त्री उठले, गुडघ्यांची माती झटकली.

"जाऊ द्या आप्पा. पैसा मी परत करस. पन मी तुमले माल चांगलाच दिधा व्हता."

त्यांच्या आवाजात राग असता तर मी गप्प राहिले असते. राग नव्हता. सुनेनं परक्या माणसांसमोर, सासऱ्यांपुढे तोंड उघडायचं नसतं. मी उघडलं. चौकट धरून दारात आले आणि म्हणाले, "तेल मी लायं."

मग सासऱ्यांनी विचारलं, "कितलं?"

"रोज. दोन्ही अंगले." आणि मोटेचं सगळं सांगितलं. सांगताना रडत होते.

मिस्त्री माझ्याकडे न बघता टायरकडे बघत म्हणाले, "बेटी, मोट ऱ्हाती ते दहा वरीस टिकती. हाई रबर शे. रबरले तेल म्हणजे जहर."

आजूबाजूचे लोक हसू दाबत एकेक करून निघून गेले. सासऱ्यांनी माफी मागितली नाही, ते त्यांना जमलंच नसतं. त्यांनी मिस्त्रींना ओट्यावर बसवलं आणि स्वतः आत जाऊन चहा घेऊन आले. त्यांना स्वतःच्या हातानं कुणाला कप देताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. सासूबाई मात्र सोडणार थोड्याच! "माहेरना तेलनी माहेरनीच वाट आडी," त्या म्हणाल्या. आणि मग मला जवळ घेतलं.

मिस्त्रींनी चार दिवस खरंच धावाधाव केली. टायर मिळालं नाही. आठवा लागला. प्रकाशाला निरोप गेला की लेक येत नाही.

तो महिना कसा काढला ते मला धड आठवत नाही. फक्त अंगण आठवतं. चुलीपासून फाटकापर्यंत एकेचाळीस पावलं होती. मोटार टप ओढून विटांवर उभी होती आणि तिच्याकडे बघवत नव्हतं.

नववा लागला आणि एका संध्याकाळी फाटकाशी बैलगाडी थांबली. भाऊ हाकत होता. आई उतरली. तिच्या काखेत तांब्याची घागर होती, तोंडाला फडकं बांधलेलं. ती कधी नंदुरबारला आली नव्हती. लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, असा आमच्याकडे नेम, मग यायचं तरी कशाला? सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा आईनं हात जोडले.

"मन्हं पाणी मन्हाजोडे शे. लेकीले लेकरू व्हऊ द्या, मंग पिसू."

पीठ, डाळ, मीठसुद्धा तिनं आणलं होतं. अंगणाच्या कोपऱ्यात तीन दगड मांडून ती आपली भाकरी थापायची, तापीच्या पाण्यात. शेजारणी म्हणाल्या, आमच्या घरचं पाणी घ्या, त्याला काय दोष? ती म्हणाली, विहीर एकाच गावची. मी तिच्याजवळ जाऊन बसायची, उठायची, पुन्हा बसायची. ती माझे पाय मांडीवर घेऊन दाबायची आणि टायराबद्दल एक अक्षर बोलायची नाही. एकदाच म्हणाली, तुझ्या वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, पोरीनं तेल बरोबर लावलं, टायरच वेडं निघालं.

उन्हाळ्यात घागर किती दिवस पुरणार? तिसऱ्या दिवशी आई घोटभर पाण्यात दिवस काढू लागली. सासरे हे बघत होते. चौथ्या दिवशी उजाडता त्यांनी घरची बैलगाडी जुंपायला लावली, दोन मोठ्या घागरी गवतात बसवल्या आणि गाडीवानाला तापीवर पाठवलं. विहीणबाईंसाठी पाणी. गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली. मग दर चौथ्या दिवशी ती जायची. ज्या वाटेनं मला जायचं होतं, त्याच वाटेनं. मी फाटकाशी उभी राहून चाकांच्या लोखंडी धावा बघायची. त्यांना ना परवाना लागत होता ना तेल.

मुलगी झाली, भर दुपारी. आईनं तिला न्हाऊ घातलं, माझ्या कुशीत दिलं, हात पुसले आणि म्हणाली, "आते दे तुन्हा घरनं पाणी."

सासूबाईंनी तांब्या भरून दिला. आईनं उभ्यानंच तोंडाला लावला आणि घटाघटा सगळा संपवला. दाराबाहेर सासरे उभे होते, त्यांची सावली उंबऱ्यावर पडली होती. आईनं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "खारं शे व माय." सासूबाई इतक्या हसल्या की पोर दचकली.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. गाडीचा चौथा दिवस होता, आणि गाडीवानाला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं नेहमीप्रमाणे घागरी ठेवल्या होत्या. हे बाहेर गेले आणि त्याला म्हणाले, आता नको, हिच्या आई इथलं पाणी पितात.

सासऱ्यांचा आवाज ओट्यावरून आला.

"जाऊ दे गाडी. आते सूनसाठे पाणी आनी."

मी आत पडल्या पडल्या ते ऐकलं. गाडी फाटकाबाहेर गेली, चाकांचा आवाज गल्लीच्या टोकाला वळला, पुढे रस्त्याला लागला, आणि मी तो ऐकू येईनासा होईतो ऐकत राहिले. माझे पाय तेव्हा हलत नव्हते.